घरी एचडी चित्रपट पाहताना टीव्हीच्या रिझोल्यूशनने खरोखर फरक पडतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा टीव्ही घेताना, किंवा घेऊन झाल्यावर अपेक्षाभंग झाला म्हणून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते येथे एकत्र केले आहेत. पडद्याचा आकार सर्वत्र कर्णाच्या इंचांत दिला आहे. अंतर म्हणजे डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर. सोफ्याच्या पाठीपासून भिंतीपर्यंतचे नव्हे.

१. ७२०पी, १०८०पी, ४के या आकड्यांचा नेमका अर्थ काय?

पडद्यावरचे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनते त्यांना पिक्सेल म्हणतात, आणि त्यांची आडवी व उभी संख्या म्हणजे रिझोल्यूशन. ७२०पी म्हणजे १२८० × ७२०, १०८०पी किंवा फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, आणि टीव्हीच्या बाबतीत ४के म्हणजे ३८४० × २१६०. एकूण पिक्सेल मोजले तर हे आकडे अनुक्रमे ९,२१,६००, २०,७३,६०० आणि ८२,९४,४०० असे येतात. तुलनेसाठी सांगायचे तर डीव्हीडीवरचे चित्र ७२० × ५७६ किंवा ७२० × ४८० एवढेच असते.

येथे एक गफलत हमखास होते. १०८० हा आकडा उभ्या बाजूचा आहे आणि ४के हे नाव आडव्या बाजूवरून आले आहे. त्यामुळे ४के मध्ये पिक्सेल चौपट असले तरी रेषेची बारकाई केवळ दुप्पट होते. डोळ्याला जाणवते ती ही दुप्पट. जाहिरातीत छापली जाते ती चौपट.

आकड्यापुढच्या ‘पी’चा अर्थ असा, की प्रत्येक फ्रेम सलग आणि पूर्ण दाखवली जाते. ‘आय’ असेल तर सम आणि विषम ओळी आळीपाळीने येतात.

२. मग सरळ सांगा, फरक पडतो की नाही?

पडतो, पण तीन अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच. चित्रपटाच्या प्रतीत तेवढा तपशील असला पाहिजे, तो वाटेत कुठेही न गळता पडद्यापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि आपण तो दिसेल इतक्या जवळ बसले पाहिजे. तिन्हींपैकी जी कडी सर्वांत कच्ची असेल तीच चित्राचा दर्जा ठरवते. अनुभव असा, की बहुतेक घरांत ही कच्ची कडी टीव्ही नसते. ती अंतर असते किंवा प्रत असते. अंतराचा विचार प्रश्न ३ आणि ४ मध्ये, प्रतीचा प्रश्न ९ ते ११ मध्ये आणि वाटेतल्या गळतीचा प्रश्न १४ व १५ मध्ये केला आहे.

३. आमच्या बसण्याच्या अंतरावरून १०८०पी आणि ४के यांतला फरक दिसेल का? हिशेब कसा करायचा?

सर्वसाधारण निरोगी डोळ्याला, म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर ज्याला ६/६ म्हणतात त्या दृष्टीला, एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. एक मीटर अंतरावर हा कोन सुमारे ०.२९ मिलिमीटर भरतो. आता ५५ इंची टीव्ही घ्या. त्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असते. ती १९२० पिक्सेलमध्ये वाटली तर एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा होतो. हा पिक्सेल साधारण २.२ मीटरपलीकडे गेला, की शेजारच्या पिक्सेलमध्ये मिसळून जातो. म्हणजे ५५ इंची पडदा २.२ मीटरपेक्षा दुरून पाहणाऱ्याला १०८०पी चित्रात पिक्सेल दिसतच नाहीत, आणि जे दिसत नाहीत ते आणखी बारीक केल्याने चित्र अधिक स्पष्ट होत नाही.

यातून तोंडपाठ ठेवण्यासारखा एक ठोकताळा निघतो. कर्णाच्या इंचांना ६ ने गुणले तर ७२०पीची, ४ ने गुणले तर १०८०पीची आणि २ ने गुणले तर ४केची मर्यादा सेंटिमीटरमध्ये मिळते. ४३ इंची टीव्हीसाठी १०८०पीची मर्यादा १७२ सेंटिमीटर, ६५ इंचीसाठी २६० आणि ७५ इंचीसाठी ३०० सेंटिमीटर येते. आपण या मर्यादेच्या पलीकडे बसत असाल तर वरच्या पायरीचे रिझोल्यूशन वाया जाते. अलीकडे बसत असाल तर ते उपयोगी पडते. ३२ इंची टीव्ही तीन मीटरवरून पाहणाऱ्या घरात तर ७२०पी आणि १०८०पी यांतलाही फरक कळणार नाही, कारण ७२०पीची मर्यादा १९२ सेंटिमीटरलाच संपते.

ही मर्यादा म्हणजे काही पाटीवर ओढलेली रेघ नव्हे. तरुण डोळे अनेकदा ६/६ पेक्षा सरस असतात. शिवाय तिरप्या रेषेवर उमटणारे पायऱ्यांसारखे दाते डोळा सुट्या ठिपक्यांपेक्षा लवकर टिपतो. म्हणून हिशेबात आलेल्या अंतराच्या थोडे पुढेमागे फरक हळूहळू मावळत जातो, असे समजावे.

४. आकडेमोड नको. पाहूनच ठरवायचा काही उपाय आहे का?

आहे, आणि खरे तर तोच जास्त भरवशाचा. चांगल्या प्रतीचा १०८०पी चित्रपट लावा, उपशीर्षके सुरू करा आणि पांढरी अक्षरे गडद पार्श्वभूमीवर असतील अशा ठिकाणी चित्र थांबवा. पडद्यापासून अर्ध्या मीटरवर उभे राहून एखाद्या गोलाकार अक्षराची कड पाहा. ती गुळगुळीत नसून जिन्यासारखी दिसेल. आता नजर त्या कडेवरून न हलवता एकेक पाऊल मागे या. ज्या पावलाला जिना नाहीसा होऊन कड सलग दिसू लागते, तेथे जमिनीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. नेहमीची बसण्याची जागा त्या पट्टीच्या मागे असेल, तर ४के पडद्यावर हेच चित्र याहून स्पष्ट दिसणार नाही. चष्मा वापरत असाल तर चष्मा लावूनच हा प्रयोग करावा. घरातल्या प्रत्येकाची पट्टी वेगळ्या ठिकाणी पडते, याबद्दल प्रश्न २० पाहा.

५. दुकानात फरक लख्ख दिसतो. घरी आणल्यावर तो कुठे जातो?

दुकानात आपण पडद्यापासून हाताच्या अंतरावर उभे असतो, घरी अडीच-तीन मीटरवर बसतो. याशिवाय दुकानातले प्रात्यक्षिक चित्र मुद्दाम निवडलेले असते: संथ हालचाल, भरपूर उजेड, फुलांच्या पाकळ्या, पाण्याचे थेंब. पडदा ‘व्हिव्हिड’सारख्या भडक मोडवर ठेवलेला असतो, आणि शेजारच्या स्वस्त टीव्हीवर अनेकदा तीच फीत कमी दर्जात चालू असते. चित्रपटात मात्र अंधारे प्रसंग, धूर, पाऊस आणि मंद प्रकाशातले चेहरे असतात. तेथे कस लागतो तो कॉन्ट्रास्टचा, म्हणजे सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांतल्या फरकाचा, पिक्सेलचा नव्हे. शक्य असल्यास आपल्या ओळखीच्या चित्रपटातला एखादा रात्रीचा प्रसंग पेन ड्राइव्हवर न्यावा, दुकानदाराला मोड बदलून ‘सिनेमा’ करायला सांगावे आणि घरी बसतो तेवढ्या अंतरावर मागे जाऊन पाहावे.

६. ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ एकच का?

नाही. ‘एचडी रेडी’ टीव्ही एचडी सिग्नल स्वीकारतो, पण त्याच्या पडद्यावर १९२० × १०८० पिक्सेल असतीलच असे नाही. अशा अनेक टीव्हींचे पॅनेल १३६६ × ७६८ चे असते. हे माप गमतीचे आहे, कारण ते ७२०पीलाही तंतोतंत बसत नाही आणि १०८०पीलाही नाही. कोणतेही एचडी चित्र त्यावर ताणून किंवा दाबून बसवावे लागते आणि त्यात कडा थोड्या बोथट होतात. जुन्या काही प्लाझ्मा टीव्हींचे पॅनेल १०२४ × ७६८ चे होते आणि त्यांचे पिक्सेल चौकोनी नसून आडवे लांबट होते. तरीही त्यांवर चित्रपट देखणा दिसे, याचे कारण त्यांचा काळा रंग खरोखर काळा होता.

७. माझा टीव्ही ४के आहे. त्यावर १०८०पीचा चित्रपट वाईट दिसेल का?

सहसा नाही. १९२० ची दुप्पट ३८४० आणि १०८० ची दुप्पट २१६०, म्हणजे हिशेब पूर्णांकात बसतो आणि मूळच्या एका पिक्सेलच्या जागी चार पिक्सेल येतात. टीव्ही ते चार पिक्सेल नुसते एकसारखे न भरता आजूबाजूच्या पिक्सेलवरून मधल्या छटांचा अंदाज बांधतो. याला अपस्केलिंग म्हणतात. चांगल्या प्रोसेसरचे अपस्केलिंग कडा सफाईदार करते आणि जवळून पाहतानाही जाळी जाणवू देत नाही. नवा तपशील मात्र ते निर्माण करू शकत नाही. दूरच्या पाटीवरची अक्षरे मूळ प्रतीत वाचता येत नसतील तर टीव्हीला ती कोठून सांगता येणार? आडातच नाही ते पोहऱ्यात येत नाही. अलीकडचे टीव्ही ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’च्या नावाने जे करतात तोही अंदाजच असतो, फक्त अधिक सरावलेला.

८. पण डीव्हीडी मात्र नव्या टीव्हीवर पूर्वीपेक्षा खराब दिसते. हा भास आहे का?

भास नव्हे. ७२० × ५७६ चे चित्र ३८४० × २१६० वर पसरायचे म्हणजे मूळच्या एका पिक्सेलच्या वाट्याला वीस पिक्सेल भरायचे. त्यात बहुधा जुना टीव्ही ३२ इंची आणि नवा ५५ इंची असतो, म्हणजे त्याच चित्राचा पसारा जवळपास तिप्पट झालेला असतो. दोष रिझोल्यूशन वाढल्याचा नसून पडदा मोठा झाल्याचा आहे. थोडे मागे सरकून बसणे आणि टीव्हीचा ‘शार्पनेस’ खाली आणणे, एवढे दोनच उपाय आहेत.

९. स्ट्रीमिंगवर १०८०पी लिहिलेले असते आणि ब्लू-रेवरही १०८०पीच. तरी ब्लू-रे सरस का दिसते?

कारण रिझोल्यूशन केवळ ठिपक्यांची संख्या सांगते. प्रत्येक ठिपक्यासाठी किती माहिती खर्च केली आहे हे सांगत नाही. ते बिटरेट सांगतो. ब्लू-रेवर, म्हणजे एचडी चित्रपटाच्या तबकडीवर, नुसत्या चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती वापरता येते. स्ट्रीमिंगमध्ये १०८०पीसाठी साधारण ५ मेगाबिटच्या आसपास जोडणी पुरेशी धरली जाते. दोन तासांच्या चित्रपटाला ५ मेगाबिटच्या दराने साडेचार गिगाबाइट लागतात. सरासरी २५ मेगाबिटच्या ब्लू-रे प्रतीला साडेबावीस. नव्या पद्धतीच्या कॉम्प्रेशनमुळे, म्हणजे माहिती दाबून लहान करण्यामुळे, कमी जागेत जास्त मावते, म्हणून हे आकडे एकास एक ताडून पाहू नयेत. पण तफावत एवढी मोठी आहे, की नवी पद्धतही ती पूर्ण भरून काढत नाही.

ही काटकसर कुठे दिसते ते एकदा नीट पाहून ठेवावे. उजेडातल्या स्थिर चेहऱ्यावर ती दिसत नाही. संध्याकाळच्या आकाशाचा केशरी रंग जांभळ्यात उतरतो तेथे सलग छटेऐवजी पट्टे उमटतात. अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात काळ्या रंगाचे चौकोनी ठोकळे हलताना दिसतात. पाऊस, धूर, उधळलेला गुलाल किंवा वाऱ्यावर डोलणारे शेत असेल, तर सगळे पडद्यावर एका क्षणात बदलत असल्यामुळे कॉम्प्रेशनची दमछाक होते आणि तपशिलाचा लगदा होतो. जुन्या फिल्मवर चित्रित केलेल्या चित्रपटातले बारीक रवाळ दाणे तर कमी बिटरेटच्या प्रतीतून अनेकदा पुसलेच जातात आणि चेहरे मेणाचे वाटू लागतात. असे काही दिसले, की समजावे की टीव्ही बदलून उपयोग नाही.

हाच नियम फाइलींना लागू आहे. दोन तासांचा चित्रपट दोन गिगाबाइटमध्ये कोंबला असेल तर त्याचा सरासरी दर सेकंदाला २.२ मेगाबिट पडतो. त्यावर १०८०पी असे लिहिलेले असले तरी ते नाव मोठे आणि लक्षण खोटे.

१०. ४के स्ट्रीमिंग आणि १०८०पी ब्लू-रे, यांतले निवडायचे झाले तर?

याचे एकच उत्तर देता येत नाही. ४के स्ट्रीमिंगसाठी सेकंदाला १५ मेगाबिट किंवा त्याहून अधिक वेगाची जोडणी सुचवली जाते, त्याबरोबर बहुधा एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंग यांचा जास्त मोठा पल्ला, मिळते आणि रंग अधिक खुलतात. ब्लू-रेमध्ये हालचाल, दाणेदारपणा आणि अंधारे प्रसंग स्वच्छ राहतात, शिवाय आवाज कोणतीही काटछाट न होता मिळू शकतो. रंगीबेरंगी नवा चित्रपट असेल तर मी ४के स्ट्रीमिंग निवडेन. जुना, फिल्मवर चित्रित केलेला असेल तर तबकडी. ४के ब्लू-रे २०१६ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांचा दर सेकंदाला १०० मेगाबिटच्याही पुढे जाऊ शकतो. ती मिळत असेल तर वादच मिटला.

११. ‘४के’ म्हणून विकला जाणारा चित्रपट मुळात ४केमध्येच तयार झालेला असतो का?

नेहमीच नाही. डिजिटल काळातल्या पुष्कळ चित्रपटांची अंतिम प्रत २के मध्ये, म्हणजे सुमारे २०४८ पिक्सेल रुंदीत तयार झाली, कारण दृश्यपरिणामांचे काम २के मध्ये करणे वेळ आणि खर्च या दोन्ही दृष्टींनी परवडणारे होते. २०१० मध्ये आलेला आणि व्यावसायिक चित्रपटांत प्रचंड वापरला गेलेला अ‍ॅरी अलेक्सा हा कॅमेरा सुरुवातीला सुमारे २.८के एवढेच चित्र टिपत असे. अशा चित्रपटाची ४के आवृत्ती ही कारखान्यातच अपस्केल केलेली असते. ती चांगल्या यंत्रांवर सावकाश केलेली असते एवढाच फरक.

उलट, कित्येक दशकांपूर्वी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला एखादा चित्रपट मूळ निगेटिव्हवरून ४केमध्ये नव्याने स्कॅन केला असेल, तर त्यात खरोखर १०८०पीपेक्षा जास्त तपशील सापडतो. म्हणजे आजोबांच्या काळचा चित्रपट नातवाच्या काळच्या चित्रपटापेक्षा अधिक अस्सल ४के असू शकतो. चित्रपट किती नवा आहे यावरून तर्क बांधू नये.

१२. ४के लावल्यावर चित्र एकदम जिवंत वाटले. मग रिझोल्यूशनने फरक पडत नाही असे कसे म्हणता?

जो जिवंतपणा जाणवतो तो बहुतेक वेळा एचडीआरचा असतो. १०८०पी ब्लू-रेमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. एचडीआर प्रतीत दहा बिटांमुळे १,०२४ असतात. नेहमीचे चित्र १०० निट (निट हे पडद्याच्या तेजस्वितेचे माप) एवढ्या अंदाजाने रंगवलेले असते, तर एचडीआर चित्र १,००० निट किंवा त्याहूनही तेजस्वी पडदा गृहीत धरून. दिव्याची ज्योत, पाण्यावरची तिरीप, खिडकीबाहेरचे ऊन या गोष्टी म्हणूनच वेगळ्या भासतात. ४के आणि एचडीआर या तत्त्वतः स्वतंत्र गोष्टी आहेत, पण बाजारात त्या जोडीने येतात आणि श्रेय पिक्सेलना मिळते.

सावधगिरीची सूचना अशी, की टीव्ही ‘एचडीआर’ सिग्नल स्वीकारतो म्हणजे तो दाखवू शकतोच असे नाही. कमाल ३०० निटच्या पडद्यावर एचडीआर चित्रपट कधी कधी साध्या प्रतीपेक्षाही काळवंडलेला दिसतो.

१३. ठरावीक पैशांत मोठा साधा टीव्ही घ्यावा, लहान पण चांगला घ्यावा, की रिझोल्यूशन पाहावे?

माझा क्रम असा: आधी कॉन्ट्रास्ट, मग आकार, मग रंग, आणि सर्वांत शेवटी रिझोल्यूशन. मोठ्या आकारांत ४के नसलेला टीव्ही आता शोधावा लागतो, त्यामुळे रिझोल्यूशनची निवड बहुधा आपोआप होऊन जाते. आपल्या हाती उरते ते पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार, निवडणे. आयपीएस, व्हीए आणि ओएलईडी हे त्याचे नेहमीचे प्रकार. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १ असतो. ते बाजूने पाहिले तरी रंग टिकवते, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग राखाडी दिसतो. व्हीए पॅनेलमध्ये तो कित्येक पट जास्त, बऱ्याचदा ३००० ला १ च्या वर असतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः विझू शकतो, म्हणून काळे ते काळेच दिसते. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याने ४३ इंची ४के आयपीएस आणि ४३ इंची फुल एचडी व्हीए शेजारी ठेवून पाहिले, तर तीन मीटरवरून तो दुसराच उचलील, अशी माझी खात्री आहे.

१४. टीव्ही फुल एचडी आहे, चित्रपटही एचडी आहे, तरी चित्र धूसर दिसते. कुठे तपासावे?

सर्वप्रथम तार. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांच्या तारेतून एचडी चित्र जातच नाही; पिवळ्या टोकातून जास्तीत जास्त डीव्हीडीच्या दर्जाचे चित्र येते. एचडीएमआय हवीच. हे सांगायचे कारण स्वानुभव: आमच्याकडे नवा फुल एचडी टीव्ही बसवून गेलेल्या माणसाने जुनी पिवळी तार तशीच पुन्हा जोडली होती, आणि धूळ पुसताना टीव्ही भिंतीपासून ओढेपर्यंत, म्हणजे तब्बल सहा महिने, आम्ही पुसट चित्राचे कौतुक करत बसलो होतो.

तार ठीक असेल तर सेट-टॉप बॉक्स किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८०पी किंवा ‘ऑटो’ आहे का ते पाहावे. तो ५७६वर अडकलेला सापडणे फार सामान्य आहे. त्यानंतर टीव्हीच्या चित्राचे माप पाहावे. काचेच्या नळीच्या टीव्हींच्या काळापासून चालत आलेली ‘ओव्हरस्कॅन’ ही सवय चित्राच्या कडा दोन ते पाच टक्के कापते आणि उरलेले चित्र ताणते, त्यामुळे एका पिक्सेलला एक पिक्सेल हा मेळ मोडतो. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘१:१’ अशा कोणत्या तरी नावाने ती बंद करता येते. शेवटी ‘शार्पनेस’. तो वाढवल्याने तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरी किनार तेवढी उमटते.

१५. अ‍ॅपमध्ये एचडीचे पैसे भरले आहेत, इंटरनेटही वेगवान आहे, तरी चित्र एचडीत येत नाही. असे का?

बहुधा कॉपी-संरक्षणामुळे. अँड्रॉइडच्या उपकरणांत वाइडवाइन नावाची संरक्षण-पद्धत असते आणि तिच्या पातळ्या असतात. उपकरणाकडे एल१ पातळीची मान्यता नसेल, केवळ एल३ असेल, तर अनेक सेवा त्याला ४८०पीच्या पुढचे चित्र पाठवत नाहीत, मग पडदा ४के असो वा ८के. संगणकाच्या ब्राउझरमध्येही काही सेवा अशीच मर्यादा घालतात. ४केसाठी एचडीएमआयच्या साखळीतले प्रत्येक यंत्र, म्हणजे प्लेअर, मधला साउंडबार किंवा अ‍ॅम्प्लिफायर आणि टीव्हीचे ते विशिष्ट पोर्ट, एचडीसीपी २.२ ही कॉपी-संरक्षणाची पद्धत पाळणारे असावे लागते. टीव्हीच्या मागच्या चार पोर्टांपैकी एखादेच तसे असते, असेही जुन्या ४के टीव्हींत आढळते.

१६. कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र अडखळते किंवा फाटते. रिझोल्यूशन कमी असल्याने का?

नाही, हा वेळेचा प्रश्न आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणारा, टीव्ही त्या फ्रेम एकदा तीन वेळा, एकदा दोन वेळा अशा दाखवतो. म्हणून चाल लंगडते. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवता येते. काही टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल मऊ करतात आणि मग चित्रपट टीव्ही मालिकेसारखा दिसू लागतो. ते आवडत नसेल तर मोशन स्मूदिंग बंद करावे. २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर मोड’ टीव्हीत असेल तर एका कळीत हे काम होते.

१७. वरखाली काळ्या पट्ट्या येतात तेव्हा रिझोल्यूशन कमी होते का?

चित्राच्या वाट्याचे पिक्सेल कमी होतात, हे खरे. २.३९:१ प्रमाणातला रुंद चित्रपट फुल एचडी पडद्यावर सुमारे १९२० × ८०३ एवढीच जागा वापरतो. पाव पडदा काळा राहतो. पण पिक्सेलची जाडी तीच असल्यामुळे स्पष्टतेत फरक नसतो. ‘झूम’ करून पट्ट्या घालवल्या तर मात्र चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या जातात आणि उरलेले ताणले जाते, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

१८. टीव्ही फुल एचडीच आहे. त्यावर ४के प्रत चालवण्यात काही अर्थ आहे का?

विचित्र वाटेल, पण कधी कधी आहे. घरगुती प्रतींमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा अर्ध्या बारकाईने साठवलेली असते. १०८०पी प्रतीत रंगाचा नकाशा केवळ ९६० × ५४० चा असतो, तर ४के प्रतीत १९२० × १०८० चा. त्यामुळे ४के प्रत खाली आणून फुल एचडी पडद्यावर दाखवली तर प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो, आणि जास्त बिटरेटचा फायदा वेगळाच. अडचणी दोन: बहुतेक सेवा फुल एचडी टीव्हीला ४के प्रत पाठवतच नाहीत, आणि एचडीआर प्रत साध्या पडद्यावर नीट उतरवणारा प्लेअर नसेल तर रंग फिके पडतात.

१९. प्रोजेक्टर आणि ८के यांना हेच नियम लागू होतात का?

होतात, पण निष्कर्ष उलटे निघतात. १०० इंची पडद्यासाठी १०८०पीची मर्यादा चार मीटर येते, आणि घरात तर आपण तीन मीटरवर बसतो. म्हणून ४केचा फायदा सर्वांत जास्त प्रोजेक्टरवर दिसतो. तेथे पाटी नीट वाचावी. ‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के सिग्नल स्वीकारतो, एवढेच. ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन ७२०पीही असू शकते. काही प्रोजेक्टर कमी पिक्सेलच्या चिपवरचे चित्र वेगाने किंचित सरकवून ४के साधतात. ती पद्धत प्रामाणिक आहे आणि चित्रही बरेच चांगले येते.

८के म्हणजे ७६८० × ४३२०, एकूण ३ कोटी ३१ लाखांहून अधिक पिक्सेल. जपानच्या एनएचकेने डिसेंबर २०१८ मध्ये ८के उपग्रह प्रक्षेपण सुरू केले, पण घरी पाहण्यासाठी ८के चित्रपटांच्या तबकड्या नाहीत. शिवाय प्रश्न ३ मधला ठोकताळा आणखी अर्धा केला तर जेवढे इंच तेवढेच सेंटिमीटर उरतात: ७५ इंची पडदा ४केपेक्षा स्पष्ट दिसायला त्याच्या मर्यादेत, म्हणजे दीड मीटरच्या आत जावे लागेल, आणि ८केचा पूर्ण लाभ घ्यायला पाऊण मीटरवर. तेवढ्या जवळून चित्रपट पाहायचा तर मान टेनिसच्या सामन्यासारखी फिरवावी लागेल.

२०. घरातले सगळे एकाच ठिकाणी बसत नाहीत आणि सगळ्यांची नजरही सारखी नाही. मग कोणाचे अंतर धरायचे?

रिझोल्यूशन ठरवताना सर्वांत जवळ बसणाऱ्याचे आणि आकार ठरवताना सर्वांत दूर बसणाऱ्याचे अंतर धरावे. जमिनीवर पुढे बसणारी मुले दीड मीटरवर असतील तर ५५ इंची पडद्यावर त्यांना ४केचा फायदा दिसेल, मागे खुर्चीवर बसणाऱ्या आजीला दिसणार नाही. तिला मोठे चेहरे आणि मोठी उपशीर्षके हवी असतात. दृष्टी ६/६ ऐवजी ६/१२ असेल तर दिसणारा सर्वांत बारीक ठिपका दुप्पट जाडीचा होतो, म्हणून ठोकताळ्यातली सगळी अंतरे निम्मी धरावीत. प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी: टीव्ही भिंतीवर उंच लावलेला नसेल आणि आपण आडवे रेलून पाहत असाल, तर नजर काचेच्या खालच्या, वाचनाच्या भागातून जाते आणि कितीही पिक्सेल असले तरी चित्र धूसर दिसते. हनुवटी थोडी खाली घेऊन एकदा पाहावे; चित्र तत्काळ स्वच्छ झाले तर बदलायची आहे ती उशीची उंची.